नवे जनुकक्रम आणायचे कसे: ई-युटिलिटीज की अपडेट-ब्लास्टडीबी?

बडोद्यातल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत हा वाद चहासोबतच निघतो. एनसीबीआय या अमेरिकी जैवमाहिती केंद्राच्या ई-युटिलिटीज या वेब-साधनांमध्ये ईसर्चने तारखेनुसार नवे क्रम शोधायचे, ईफेचने तेवढेच आणायचे. नेमकं काम. पण मर्यादा सेकंदाला ३ विनंत्यांची. एपीआय-की (खात्यावर मिळणारी ओळख-किल्ली) घेतली तर १०. शिवाय नोंदीतला क्रम बदलला की आवृत्ती .१ ची .२ होते, आणि आपल्याकडची जुनी प्रत काढायचा कोड आपणच लिहायचा. घोळ होतो तो इथेच.

अपडेट-ब्लास्टडीबी ही एनसीबीआयचीच पर्ल स्क्रिप्ट; ती ब्लास्ट या क्रम जुळवून पाहणाऱ्या प्रोग्रामसाठीचा तयार डेटाबेसच उतरवते, तोही सर्व्हरवर नवा असेल तरच. सोपं, पण ‘एनटी’ हा न्यूक्लिओटाइड क्रमांचा डेटाबेस शेकडो जीबींचा, आणि आमचं नेट संध्याकाळी रडतं! एकाच बुरशीवर काम असेल तर कशाला एवढा पसारा? मी ई-युटिलिटीजच घेईन. अनोळखी नमुना ओळखायचा असेल तर मात्र दुसरा पर्याय, रात्रभर लावून.