घाटात तापणारी गाडी आणि सातशे रुपयांचा ओबीडी डोंगल: वर्षभर वापरल्यावर

ज्यांची गाडी गॅरेजमधून 'ओके' होऊन येते आणि पुन्हा हीट मारते, त्यांनी हा ब्लूटूथ डोंगल, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे फोनवर दाखवणारं छोटं यंत्र, जरूर घ्यावा. ज्यांना वाटतं की डोंगल लावला की फोनवर बिघाडाचं नाव येईल, त्यांनी पैसे वाचवावेत. माझ्या गाडीने पूर्ण काळात एकही फॉल्ट कोड (बिघाडाची सांकेतिक खूण) दाखवला नाही. तरी दोन्ही बिघाड सापडले ते याच्यामुळेच.

गाडी दहा वर्षांपेक्षा जुनी, १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक. राहायला कोल्हापुरात, गाव रत्नागिरीच्या बाजूला, म्हणजे आंबा घाट ठरलेला. रेडिएटरच्या फॅनची मोटर जळाली, गॅरेजने बाजारातली दुसरी बसवली, आणि तिथून दुखणं सुरू झालं. सपाटीला गाडी गारठलेली, शहरात कशीबशी, आणि साखरप्याहून घाट चढायला लागलं की काटा वर. गॅरेजने रेडिएटर साफ केला, कॅप बदलली, वॉटर पंप बदलला. प्रत्येक वेळी गाडी जागेवर उभी करून चालू ठेवली, फॅन फिरला, सगळे म्हणाले, "बघा, ओके आहे." शेवटी, "हेड उतरवून बघावं लागेल, गॅस्केट गेलं असणार." हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे त्याच्या खालची सील. हेड उतरवणं, ते घासून सपाट करणं (फेसिंग), नवं गॅस्केट, मजुरी धरून आकडा असा होता की त्याआधी सातशे रुपये घालवून बघायला हरकत नव्हती.

आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून बीएस-४ (प्रदूषणाचा तेव्हाचा नियम) गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीनेच स्वतःचे बिघाड तपासायची व्यवस्था, सक्तीची झाली. त्यानंतरच्या गाडीत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतंच. स्वस्तातले बहुतेक डोंगल ईएलएम३२७ या चिपच्या नकला आहेत. पाकिटावर १.५ किंवा २.१ असं काहीही छापलेलं असतं. मूळ कंपनीने १.५ ही आवृत्ती कधी काढलीच नव्हती, तेव्हा त्या आकड्याला भुलू नका. तापमान बघण्यापुरती नक्कल पुरते. जुन्या ब्लूटूथवाला डोंगल आयफोनशी बोलत नाही, हे मात्र घेण्याआधी बघा. मी 'टॉर्क' आणि 'कार स्कॅनर' दोन्ही अ‍ॅप वापरली. आलेख काढायला दुसरं जास्त सोयीचं वाटलं.

पहिला धडा डॅशबोर्डवरच्या काट्याचा. बऱ्याच गाड्यांमध्ये तो मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. माझ्या गाडीत कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) ८० वर असो की १०३ वर, काटा मधोमध. तो हलेपर्यंत उशीर झालेला असतो. डोंगलवर मात्र एकेक डिग्री दिसते, आणि वेळेच्या रेषेवर दिसते.

सकाळी थंड इंजिन सुरू करून सपाट रस्त्याला लागलो तर आलेख वेडाच. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) चांगला असेल तर तापमान सरळ चढतं, ८२-८५ च्या आसपास तो उघडतो, रेषा थोडी खाली वळते आणि मग ९० च्या आतबाहेर बसते. माझी रेषा कुठे वळेचना. रेंगाळत ७० पर्यंत गेली आणि हायवेला ६६ वर उतरली. असं बहुधा दोन कारणांनी होतं, थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा तो जागेवरच नाही. हाउसिंग खोलल्यावर आत नुसती सील. आपल्याकडे हा जुना 'कायमचा इलाज' आहे. गाडी गरम होते का, काढा थर्मोस्टॅट. इंजिन थंडच राहिलं की ईसीयू (इंजिनचा संगणक) जास्त पेट्रोल ओतत बसतो. माझं मायलेज सोळावरून तेरावर कशाने आलं, त्याचं उत्तरही मिळालं.

पण थर्मोस्टॅट नसताना गाडी घाटात तापते का? उलट थंड राहायला हवी. इथे खरं काम घाटातल्या आलेखाने केलं. तापमानाबरोबर अ‍ॅपमध्ये व्होल्टेजही लावलं होतं, सहज, जागा होती म्हणून. ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये ताशी तीसच्या आसपास चढताना तापमान ९२, ९४, ९६ असं सावकाश सरकत होतं. ९७ ला व्होल्टेज क्षणभर १४.१ वरून १३.७ ला आलं आणि सावरलं. म्हणजे फॅन लागला. फॅनची मोटर एकदम ओढते, तेव्हा एवढा गचका दिसतोच. आणि तिथून पुढे तापमान उतरायच्या ऐवजी दुप्पट वेगाने चढायला लागलं. १०४ ला मी बाजूला थांबलो. पुढच्या चढणीला तेच. आधी व्होल्टेजचा गचका, मग तापमानाची उडी. रेडिएटर तुंबला असता तर चढण्याचा वेग फॅन लागल्यावर थोडा तरी कमी झाला असता. इथे फॅन लागल्यामुळे गाडी तापत होती.

आणखी एक गोष्ट जुळत होती. ताशी तीस-चाळीसला एसी गार हवा द्यायचा नाही, सत्तरला द्यायचा. सगळे म्हणत, एसीचा लोड पडतो म्हणून गाडी तापते.

गॅस्केटचं भूत तरीही मानेवर होतंच. त्यासाठी ब्लॉक टेस्टर नावाची काचेची नळी मिळते. तिच्यात निळं द्रव घालून ती रेडिएटरच्या तोंडावर धरायची आणि इंजिन चालू ठेवून रबरी गोळ्याने आतली वाफ त्या द्रवातून ओढायची. गॅस्केटमधून जळका वायू कूलंटमध्ये येत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. माझं निळंच राहिलं. गॅस्केट गेलं असेल तर थंड इंजिन सुरू केल्याबरोबर वरचा होज पाइप दगडासारखा कडक होतो, तसंही नव्हतं. ऑइल स्वच्छ, बाटलीत बुडबुडे नाहीत. हेड उतरवायचं काम तिथेच रद्द.

आलेख घेऊन गेलो ते गॅरेजमध्ये नाही, ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे. त्याने फोनकडे धड बघितलंही नाही. "फॅन लागल्यावर चढतंय म्हणता? पेपर आणा." वर्तमानपत्राचं अर्धं पान समोरच्या जाळीवर धरलं, एसी चालू करायला सांगितला. फॅन लागला आणि कागद फडफडत त्याच्या छातीवर आला. "दादा, फॅन उलटा फिरतोय की!"

रेडिएटरच्या मागे बसवलेला फॅन पुढची हवा आत ओढतो, त्यामुळे कागद जाळीला चिकटायला हवा. नवी मोटर बसवताना तिचा कनेक्टर जुळेना म्हणून वायरी कापून जोडल्या होत्या आणि त्या उलटसुलट झाल्या. डीसी मोटर, वायर उलटी की फिरणं उलटं. उभ्या गाडीत ती इंजिनकडची हवा पुढे ढकलते, वारा तर लागतो, त्यामुळे तापमान शंभरच्या आसपास रेंगाळतं आणि गॅरेजमध्ये सगळं ओके. हायवेला फॅन लागतच नाही. ताशी तीस-चाळीसला समोरून येणारा वारा आणि मागून ढकलणारा फॅन एकमेकांना अडवतात, आणि रेडिएटरमधून हवाच जात नाही. त्याच वेगाला एसी गार का होत नव्हता, तेही इथेच कळलं. वायरी सोडवून, पालटून, सोल्डर करून टेप गुंडाळायला त्याला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. पुन्हा कागद धरला, जाळीला पोस्टरसारखा चिकटला. (काही गाड्यांत फॅन कंडेन्सरच्या (रेडिएटरपुढच्या एसीच्या जाळीच्या) पुढे असतो आणि हवा मागे ढकलतो. तिथे ही परीक्षा उलटी, आधी फॅन कुठे आहे ते बघा. आणि चावी काढली तरी गरम इंजिनवर फॅन अचानक लागू शकतो, बोटं सांभाळा.)

नवा थर्मोस्टॅट बसवल्यावर एक दिवस पुन्हा गोंधळ. तापमान ८८ वरून अचानक १०१ आणि परत ८५, आणि हीटरमधून थंड हवा. ही एअरलॉकची, म्हणजे कूलंटच्या वाटेत हवा अडकल्याची खूण. गाडीचं तोंड चढावर करून, इंजिन थंड असताना कॅप उघडून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून कूलंट भरत गेलो, बुडबुडे थांबल्यावर कॅप लावली. संपलं. आता घाटात ९७ ला फॅन लागतो, ९२ ला थांबतो, रेषा करवतीच्या दातांसारखी.

डोंगलला काय कळत नाही, हेही लिहायला हवं. फॅन कुठल्या दिशेने फिरतो, हे त्याला दिसत नाही. कूलंट किती आहे, कॅप दाब धरते की नाही, यांतलंही काही नाही. १.१ बारची कॅप चांगली असेल तर आत नुसतं पाणी असलं तरी ते १२० च्या वर जाईपर्यंत उकळत नाही. कॅप ढिली असेल तर शंभरलाच उकळतं, आणि फोन दोन्ही वेळी एकच आकडा दाखवतो. सगळ्यात धोक्याचं म्हणजे कूलंट सेन्सरच्या खाली उतरलं की सेन्सर वाफेत लटकतो आणि आकडा फसवा येतो. तापलेल्या गाडीत आकडा एकदम पडला तर खूश होऊ नका, गाडी थांबवा.

तक्रारी. एका वेळी चारपेक्षा जास्त गोष्टी वाचायला लावल्या की आकडे अडखळतात. तापमान, व्होल्टेज, वेग, आरपीएम, बस. दाखवलेलं व्होल्टेज मल्टिमीटरपेक्षा जरा कमीच येतं, पण गचका ओळखायला चालतं. प्लास्टिकचं कवच उन्हाळ्यात सैल झालं, रबरबँड लावलाय. डोंगल चोवीस तास लावून ठेवला तर बॅटरीतून साधारण चाळीस मिलिअँपिअर जात राहतात, म्हणजे दिवसाला एक अँपिअर-तास. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर काढून ठेवा. पुन्हा घ्यायचा झाला तर चालू-बंदचं बटण असलेला घेईन, दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील. पाचपैकी चार.