नफा दाखवतं, हिशोबपट्टी देत नाही

मी अमळनेरला शाळेत गणित शिकवतो, घरची शेती तालुक्यातच आहे. एका भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजचं, म्हणजे बिटकॉइनसारखी डिजिटल नाणी (कॉइन) घ्यायच्या-विकायच्या बाजाराचं, अ‍ॅप मी २०२३ पासून वापरतोय. नाव देत नाही, कारण स्टाफरूममधल्या दोघांची अ‍ॅप्स वेगळी आहेत आणि तिथेही हीच तऱ्हा दिसली.

वापरायला अ‍ॅप सोपं आहे. पॅन-आधार देऊन खातं उघडलं, रुपये टाकायला-काढायला कधी अडलं नाही. माझी तक्रार नफा-तोट्याच्या पडद्याबद्दल आहे, आणि ती लहान नाही.

एप्रिल २०२३ मध्ये मी ४०,००० रुपयांचं बिटकॉइन घेतलं, डिसेंबरात ६०,०००ला विकलं. मधल्या काळात दुसऱ्या एका कॉइनमध्ये ३०,००० घातले होते, ते सप्टेंबरात १५,०००वर सोडून द्यावे लागले. वर्षाअखेर अ‍ॅपवर हिरव्या अक्षरांत आलं: नफा ५,००० रुपये. मी घरी तसंच सांगितलं. वडिलांनी विचारलं, "हातमा कितला उनात?" म्हणजे हातात किती आले?

त्यांचा प्रश्न बाजार समितीतला आहे. हरभरा विकला की हिशोबपट्टी मिळते. वर वजन आणि भाव, खाली हमाली, तोलाई, आणि शेवटच्या ओळीत निव्वळ रक्कम. आमच्या ओट्यावर तारेला अशा पट्ट्या खोचलेल्या असतात. शेवटची ओळ वाचल्याशिवाय वडील "अमुक भाव मिळाला" असं कुणाला सांगत नाहीत.

मग मी वहीत अ‍ॅपची पट्टी मांडली. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, त्यावर ४ टक्के सेस. आणि एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षावरही ढकलता येत नाही. म्हणजे माझा कर ५,०००वर नाही, बिटकॉइनच्या पूर्ण २०,०००वर: ६,००० अधिक २४०. दुसरीकडे बुडालेले १५,००० कराच्या हिशोबात कुठेच धरले जात नाहीत. चार व्यवहारांची उलाढाल १,४५,०००, त्यावर ०.४ टक्के फी ५८०, फीवर १८ टक्के जीएसटी १०४. पाच हजारांतून हे सगळं वजा केलं तर खाली उरतात उणे १,९२४ रुपये. हिरवा आकडा पाहून मी घरी नफा सांगितला होता, आणि झालेला होता तोटा.

विक्रीवर १ टक्का टीडीएसही कापला जातो, माझे सुमारे ७५० गेले. तो खर्च नाही, रिटर्न भरताना करात वळता होतो. पण अ‍ॅपमध्ये तो फीच्या शेजारी असा दाखवलाय की नवख्या माणसाला दोन्ही पैसे गेलेच वाटतात.

न विकलेल्या कॉइनचा नफाही हे अ‍ॅप त्याच हिरव्या रंगात, त्याच बेरजेत दाखवतं. शेतात उभ्या कपाशीचे पैसे कुणी जमेला धरतं का? विकलेलं आणि हातातलं, हे दोन आकडे वेगळे पाहिजेतच.

कराचा अहवाल मात्र यांनी चांगला केलाय. प्रत्येक खरेदी-विक्री तारखेसह एक्सेलमध्ये उतरवता येते. टीडीएसचे आकडे मी २६एएसशी, म्हणजे आयकर खात्याकडच्या कापलेल्या कराच्या उताऱ्याशी, ताडून पाहिले, पैशापर्यंत जुळले. पण हा अहवाल सेटिंगमध्ये चार पायऱ्या आत आहे, आणि हिरवा आकडा अ‍ॅप उघडताक्षणी समोर.

मी मदत केंद्राला वहीच्या पानाचा फोटो पाठवून "कर आणि फी वजा जाता" अशी एक ओळ मागितली. दोन दिवसांनी "सूचना नोंदवली" असं उत्तर आलं. पडदा अजून तसाच आहे.

घेऊन ठेवणाऱ्याला हे अ‍ॅप चालेल. आठवड्यात चार-चार व्यवहार करणाऱ्याने विकायच्या आधी कागदावर पट्टी मांडावी, प्रत्येक कॉइनची वेगळी. माझ्याकडून पाचपैकी अडीच.