फिरत्या गाडीचा रोलर कोस्टर: मोकळी गिरकी की आखलेले वळण?

खोपोलीजवळच्या इमॅजिकामधील ‘नायट्रो’वर बसून आलेल्या माणसाला रोलर कोस्टरची परीक्षा आपण उत्तीर्ण झालो असे वाटते. पाच वेळा उलटे होऊनही पोटातले पाणी हलले नाही, असे तो सांगतो आणि त्यात खोटे काही नसते. मात्र स्वतःभोवती फिरणाऱ्या गाडीचा ‘स्पिनिंग कोस्टर’ वेगळ्याच गोष्टीची परीक्षा घेतो. नायट्रोवर आसन रुळाच्या दिशेने पक्के असते, त्यामुळे पुढचे वळण आधी दिसते आणि शरीर सावरून बसते. फिरत्या गाडीत चढ समोरून, उतार पाठमोरा आणि वळण कुशीवर, असे काहीही वाट्याला येऊ शकते. म्हणून अशा कोस्टरवर बसावे की नाही हे ठरवताना ‘मला भीती वाटते का’ यापेक्षा ‘मला गाडी लागते का’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे.

युरोपच्या सहलीत पॅरिसच्या डिस्नेलँडला जाणाऱ्यांना ‘क्रशेस कोस्टर’ भेटतो, तर अमेरिकेतल्या मुलांकडे गेल्यावर ऑर्लँडोचा बेत आखणाऱ्यांना तिथल्या डिस्नेच्या एपकॉट उद्यानातील ‘कॉस्मिक रिवाइंड’. दोन्हींसाठी किमान उंची 107 सेंटीमीटरच आहे, पण गाडी कोणाच्या मर्जीने फिरते याबाबत दोघांत मोठा फरक आहे.

पॅरिसचा कोस्टर 2007 सालचा, जर्मनीच्या माउरर कंपनीने बनवलेला. कासवाच्या पाठीसारख्या एका गाडीत चौघे बसतात, दोघांच्या पाठीला दोघांची पाठ. सुरुवातीचा संथ भाग संपला की गाडी आसावर मोकळी सोडली जाते आणि त्यानंतर तिला फिरवायला मोटर नसते. फिरवते ते आपलेच वजन. गाडीचा गुरुत्वमध्य आसापासून ढळलेला असेल, तर वळणावर जड बाजू बाहेरच्या दिशेला फेकली जाते आणि गिरकी सुरू होते. दोन धिप्पाड काका एका बाजूला आणि दोन मुले दुसऱ्या बाजूला बसली, तर गाडी भोवऱ्यासारखी फिरण्याची शक्यता बरीच वाढते. याउलट, प्रत्येक बाजूला एक मोठा आणि एक लहान, शिवाय दोन्ही मोठे एकमेकांच्या तिरक्या कोपऱ्यात, अशी बसण्याची रचना केली, तर भार आसाजवळ राहतो आणि तीच फेरी पुष्कळ सौम्य होते. मला या प्रकारातली खरी गंमत इथेच वाटते, कारण प्रत्येक फेरी वेगळी असते आणि ती थोडीफार आपल्या हातात असते. अर्थात, एकदा गाडी सुटली की काही हातात नसते. जत्रेतल्या पाळणेवाल्याला ‘आता पुरे’ असे ओरडून सांगता येते. इथे सांगायचे कोणाला?

पॅरिसच्या या कोस्टरचा तोटा रांगेत कळतो. गाडीमागे चारच माणसे सुटत असल्यामुळे रांग मुंगीच्या पावलांनी सरकते आणि उद्यान उघडताच तिकडे जाणे हाच खात्रीचा उपाय ठरतो. एकट्याने बसणाऱ्यांसाठी वेगळी रांग असते, पण तीत शिरल्यास कुटुंबाची फाटाफूट होते आणि वजनाचा समतोल साधण्याची वर सांगितलेली युक्तीही निकालात निघते.

‘कॉस्मिक रिवाइंड’ 27 मे 2022 रोजी सुरू झाला. नेदरलँड्सच्या वेकोमा कंपनीच्या या गाडीत एका वेळी वीस जण बसतात, ती पाठमोरी झेप घेते आणि सबंध मार्ग इमारतीच्या आत, अंधारात आहे. प्रत्येक डब्याचे वळणे आधीच आखलेले असते. जिथे दृश्य आहे तिकडे प्रवाशांचे तोंड वळवायचे, एवढाच त्यामागचा हेतू असल्यामुळे गरगर गिरक्या नसतात आणि गाडी कुठे उलटीही होत नाही. फेरीत गाणे वाजते, आणि सहा गाण्यांपैकी कोणते वाट्याला येईल, तेवढेच नशिबावर सोडलेले असते. हिसके कमी लागत असल्यामुळे मोकळ्या गिरकीपेक्षा मला हा अधिक सफाईदार वाटतो. तरीही तो पोटाला सोपा आहे, असे समजू नये. कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांत द्रव असतो. डोके वळले की तो मागे रेंगाळतो आणि वळणे थांबले तरी काही क्षण वाहत राहतो. अंधारात क्षितिज नसते, समोर चित्रे सरकत असतात, शरीर आडव्या दिशेने ओढले जात असते आणि कान व डोळे परस्परविरोधी साक्ष देतात. मळमळ त्यातूनच होते, त्यासाठी वेगाने फिरावेच लागते असे नाही.

त्यामुळे उंचीची भीती असलेल्या, पण गाडी न लागणाऱ्या माणसाने यांपैकी कोणत्याही कोस्टरवर निर्धास्त बसावे. खंबाटकी घाटात पुढची सीट मागून घेणाऱ्याने मात्र दोन्ही टाळावेत, आणि अगदीच मोह आवरत नसेल तर पॅरिसचा कोस्टर निवडून तिरकी बैठक साधावी. मान, पाठ किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांसाठी आणि गर्भवतींसाठी प्रवेशद्वारावरची सूचना हाच अंतिम निर्णय समजावा.

मिसूरी राज्यातील ब्रॅन्सन येथील सिल्व्हर डॉलर सिटीमधला ‘टाइम ट्रॅव्हलर’ (2018) या दोन टोकांच्या मधला आहे. त्याची गाडी मोकळी फिरते, पण चुंबकांमुळे गिरकीचा वेग आटोक्यात राहतो. फलाट सोडताच दहा मजली सरळ उतार आणि पुढे तीन वेळा उलटे होणे आहे, त्यामुळे नायट्रो आवडलेल्यांनी तिन्हींपैकी हाच निवडावा. फक्त तिथे उंचीची अट 130 सेंटीमीटर आहे, तेव्हा धाकट्याला सांभाळायला कोण थांबणार हे आधीच ठरवून ठेवावे.