मिरजेत करून घेतलेली तंबोऱ्यांची जोडी

मागच्या वर्षी मी आणि माझ्या मैत्रिणीने मिळून मिरजेतल्या एका कारागिराकडून तंबोऱ्यांची जोडी करून घेतली. जोडी घरी येऊन आता 14 महिने झाले, त्यात एक पूर्ण पावसाळा आणि एक कडक उन्हाळा येऊन गेला, त्यामुळे तिच्याविषयी खात्रीने काही लिहिता येईल असे वाटते. आम्ही दोघी एकाच बाईंकडे गाणे शिकलो, दोघींचा स्वर काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी, विशारदची परीक्षाही एकाच वर्षी दिली. पुढे ती रत्नागिरीला गेली आणि मी पुण्यातच राहिले. इतकी वर्षे दोघींनी फोनमधल्या तंबोऱ्यावर रियाज केला. त्याला कंटाळून शेवटी एकेक तंबोरा घ्यायचा असे ठरले, मात्र दोन्ही एकाच हातचे आणि एकमेकांशी मिळणारे हवेत, अशी आमची अट होती. पुढे काही तक्रारीही लिहायच्या आहेत, म्हणून दुकानाचे नाव देत नाही.

मिरजेत हा उद्योग एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी तंतुवाद्ये घडवायला घेतली आणि त्यांचे आडनावच पुढे सतारमेकर झाले. 2024 मध्ये इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, पण आमच्या कारागिरांच्या दुकानात त्याची कुठेही जाहिरात नव्हती. आत शिरताच दिसले ते छताला टांगलेले, पंढरपूर भागातून आणलेले वाळके भोपळे. जोडीसाठी योग्य दोन भोपळे निवडायला त्यांनी जवळजवळ एक तास घेतला. प्रत्येक भोपळा बोटाच्या पेराने वाजवून पाहायचा, कानाशी धरायचा आणि पुन्हा टांगून ठेवायचा. दोन्ही अगदी सारखे करा, असे मी सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "ताई, तंबोरे सारखे निघत नाहीत, मिळते निघतात." हे वाक्य मला तेव्हा गिऱ्हाइकाला गप्प करण्यासाठी म्हटलेले वाटले होते.

नक्षीवरून मात्र थोडे मतभेद झाले. मैत्रिणीला भोपळ्यावर वेलबुट्टी हवी होती, मला साधा, गडद तांबूस तंबोरा हवा होता. जोडी मंचावर एकसारखी दिसली पाहिजे, असा कारागिरांचा आग्रह होता, आणि तो त्यांच्या जागी बरोबर होता. आम्ही तो मानला नाही. एक नटलेला आणि एक साधा, अशी ही जोडी पाहून आमच्या बाई बराच वेळ हसल्या, कारण आमच्या पोशाखातही नेमका हाच फरक आहे.

खरे काम पाहायला मिळाले ते जवारीच्या, म्हणजे घोडी घासून तंबोऱ्याचा नाद जुळवण्याच्या वेळी. घोडी म्हणजे भोपळ्याकडची, तारा जिच्यावरून जातात ती पट्टी. तार तिच्यावरून सरळ निघून गेली, तर स्वर कोरडा येतो. घोडीचा माथा किंचित उतरता घासलेला असतो आणि तार त्या उतारावर निसटती टेकत कंपन करते, म्हणून तंबोऱ्याला तो भरलेला, झणझणता नाद येतो. तारेखाली घातलेले सूत केसभर पुढे-मागे सरकवून तो नाद नेमका उमलेल अशी जागा शोधतात. आमच्या कारागिरांनी दोन्ही तंबोरे शेजारी आडवे ठेवले आणि एकाची घोडी कानशीने दोन हात घासली की लगेच दुसऱ्याकडे वळायचे, असे दुपारभर चालवले. तार काढायची, घासायचे, तार चढवायची, सूत सरकवायचे, ऐकायचे आणि मान हलवून पुन्हा तार काढायची. एकदा एक तंबोरा फारच सुंदर बोलू लागला, तर त्यांनी सूत हलवून त्याचा आवाज जरा आवरता घेतला, कारण दुसरा तिथवर पोहोचणार नव्हता. आम्हा दोघींना हळहळ वाटली. आज मला तो निर्णय या सगळ्या खरेदीतला सर्वांत मोलाचा वाटतो.

नादाविषयी सांगायचे, तर तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारांना जोड म्हणतात, कारण दोन्ही एकाच षड्जात लावलेल्या असतात. त्या दोघींत सेकंदाला एका कंपनाचा जरी फरक राहिला, तरी सेकंदाला एक अशी लाट ऐकू येते, आणि ती लाट विरेपर्यंत मणी, म्हणजे स्वर बारीक जुळवायला तारेत ओवलेले मणी, सरकवत राहावे लागते. या तंबोऱ्यांचे मणी गुळगुळीत सरकतात आणि सरकवल्या जागी थांबतात, ही बाब छोटी वाटली तरी रोजच्या वापरात फार मोठी आहे. खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराची तार छेडल्यावर तिच्यातून कोणी न लावलेला गंधार ऐकू येतो. एका तंबोऱ्यावर तो कान देऊन शोधावा लागतो. दोन्ही तंबोरे नीट मिळाले आणि दोघींचा छेड थोडा मागे-पुढे पडू लागला, की तो खोलीभर उभा राहतो. दोघींनी नेमके एकाच क्षणी छेडले, तर मात्र मध्येच रिकामी जागा पडल्यासारखी वाटते, हे आम्हाला अनुभवाने कळले.

संगीतातल्या मैत्रीचा विषय निघाला की लोक जुगलबंदीचे उदाहरण देतात. मला ते फारसे पटत नाही. जुगलबंदी कितीही प्रेमाची असली तरी तिच्यात थोडी चढाओढ असतेच, आणि श्रोतेही ती पाहायलाच आलेले असतात. एका घरगुती बैठकीत मी मारवा हा राग गायले. मारव्यासाठी पहिली तार पंचमातून चढवून निषादात लावलेली होती, आणि मध्येच षड्जावर यायला मला धीर होईना. मैत्रीण मागे तंबोरा घेऊन बसली होती. तिने आवाज वाढवला नाही, खाकरली नाही, माझ्याकडे पाहिलेही नाही. मधल्या बोटाने पहिली तार, तर्जनीने उरलेल्या तीन, ही तिची चाल पूर्वीच्याच गतीने चालू राहिली, आणि मला परत यायला जागा तिथे तशीच होती. बैठकीनंतर लोकांनी माझे कौतुक केले. तंबोऱ्याचे कौतुक कोणीच केले नाही, म्हणजे तो उत्तम वाजला होता.

आता तक्रारी. कबूल केलेले 6 आठवडे प्रत्यक्षात 11 झाले, आणि दर वेळी फोन आम्हीच केला. सोबत दिलेल्या गवसण्या, म्हणजे तंबोऱ्याच्या खोळी, इतक्या पातळ आहेत की प्रवासाला त्यांचा काही उपयोग नाही, आणि माझ्या गवसणीची चेन पहिल्याच महिन्यात तुटली. जोडीचे 64,000 रुपये घेतल्यावर इतकी काटकसर करायला नको होती. माझ्या तंबोऱ्याची खर्जाची खुंटी उन्हाळ्यात सैल पडून निसटत असे. खडू लावून ती जागेवर बसली, पण नव्या वाद्यात हे व्हायला नको.

सर्वांत मोठी अडचण मात्र कारागिरांची नव्हे, आमचीच होती. जोडी फोडू नका, असे त्यांनी आधीच बजावले होते. रत्नागिरीच्या दमट हवेत मैत्रिणीच्या तंबोऱ्याच्या खुंट्या फुगून घट्ट झाल्या आणि जवारी बंद होत गेली, म्हणजे नाद दबत गेला. पुण्याच्या कोरड्या हवेत माझी जवारी अधिकच खुली झाली. एकेकटे ऐकले तर दोन्ही तंबोरे उत्तम होते. दिवाळीत एकत्र लावले, तेव्हा माझ्या तंबोऱ्याने तिचा पार झाकून टाकला. स्वर तोच, फरक तसूभराचाही नाही, तरी दोघे वेगवेगळ्या खोल्यांत वाजत आहेत असे वाटत होते.

मग एस.टी.च्या खिडकीशी तंबोरा उभा धरून ती रत्नागिरीहून आली, मी रेल्वेने गेले, आणि दोन्ही तंबोरे पुन्हा त्याच चटईवर आडवे झाले. कारागिरांनी एवढेच विचारले की प्रत्येकीच्या गावची हवा धरून जवारी लावू की एकमेकांना धरून. एकमेकांना धरून लावली, तर वर्षातून एकदा यावे लागेल, असेही स्पष्ट सांगितले. आम्ही वर्षातून एकदा यायचे कबूल केले. दुपारभराच्या कामाचे त्यांनी दोन्ही मिळून 3,000 रुपये घेतले, तारा बदलून दिल्या आणि सैल खुंटीही विनामूल्य पुन्हा बसवून दिली. त्या दिवशी वेळही ठरल्याप्रमाणे पाळली.

एकच तंबोरा हवा असेल, तर याहून स्वस्त आणि वेळेवर देणारी दुकाने मिरजेत सापडतील. जोडी हवी असेल, तर मी इथेच जाईन. आपला स्वर आधी नीट ठरवून सांगावा, जवारीच्या दिवशी स्वतः हजर राहावे, आणि गवसणी घरूनच जाड कापडाची शिवून न्यावी.