चार नंबरचे सेफ्टी शूज आणि सात महिन्यांची सफर: वापरानंतरचा अनुभव

मी नाशिकची असून मर्चंट नेव्हीत डेकवर थर्ड ऑफिसर म्हणून काम करते. गेल्या वर्षी गणपती विसर्जनानंतर मी धान्य-कोळशासारखा सुटा माल नेणाऱ्या एका बल्क कॅरियरवर साइन ऑन केले, म्हणजे कामावर रुजू झाले, आणि सात महिन्यांनी घरी परतले. या संपूर्ण काळात मी सातपूरच्या एका दुकानातून स्वतः विकत घेतलेले सेफ्टी शूज वापरले, त्यांचा हा अनुभव आहे. ब्रँडचे नाव मुद्दाम देत नाही, कारण एकाच ब्रँडच्या दोन मॉडेल्समध्ये सोल वेगळा आणि बोटांवरील संरक्षक टोपी वेगळी असते. त्यापेक्षा शूजवर कोणत्या खुणा पाहायच्या हे कळलेले अधिक उपयोगी पडते.

शूज स्वतः का घ्यावे लागले ते आधी सांगते. माझे पाऊल साडेतेवीस सेंटीमीटरचे आहे, म्हणजे आपल्याकडील चार नंबर. आधीच्या जहाजावर मी कॅडेट, म्हणजे शिकाऊ, असताना स्टोअरमध्ये सर्वांत लहान जोडी सात नंबरची होती. मोज्यांच्या दोन जोड्या घालून आणि टोकात कापूस भरून मी ती वापरत असे. एके दिवशी होल्डमधून, म्हणजे माल भरण्याच्या खोल कप्प्यातून, वर येताना उभ्या शिडीच्या गजावर बुटाचे टोक टेकले, पण आत माझे पाऊल मागे सरकलेले होते. टाच उचलताच बूट गजावरून निसटला आणि मी दोन्ही हातांवर लोंबकळले. हात पक्के धरलेले होते म्हणून वाचले. नडगी सोलली गेली आणि घोटा आठवडाभर सुजलेला राहिला. पाच-सहा मजली इमारतीएवढ्या खोल होल्डमध्ये तो गज सुटला असता तर काय झाले असते, हे मला लिहिण्याची गरज नाही. या घटनेचा नियर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघाताचा, अहवाल भरला गेला आणि त्यात कारणाच्या रकान्यात ‘शिडी चढताना पुरेशी काळजी घेतली नाही’ असे लिहिले गेले. बुटाच्या मापाचा उल्लेख त्या अहवालात कुठेही नव्हता. ते वाक्य मला आजही खुपते, कारण ज्या अहवालात खरे कारण येत नाही, त्यातून पुढच्या मुलीला कोणतेच संरक्षण मिळत नाही.

म्हणून या वेळी सुट्टीत मी आणि बाबांनी सातपूर आणि अंबड एमआयडीसीच्या परिसरातील सेफ्टीचे सामान विकणारी दुकाने पालथी घातली. बहुतेक ठिकाणी सहाच्या खाली जोडीच नव्हती. एका दुकानातील काका म्हणाले, “ताई, चार नंबर ठेवत नाही, पण मागवून देतो. इथल्या असेंब्लीच्या कंपन्यांमध्ये पोरी कामाला आहेत, त्यांच्यासाठी कधीमधी येतो.” आठ दिवसांनी जोडी आली. किंमत साडेतीन हजारांच्या आत होती. घरच्या स्वयंपाकघरातील काट्यावर दोन्ही शूज मिळून एक किलोपेक्षा थोडे जास्त भरले. आधीच्या स्टीलच्या टोपीच्या जोडीपेक्षा हे वजन बरेच कमी वाटते आणि बारा तासांच्या दिवसात तो फरक गुडघ्यांना कळतो.

खुणांबद्दल थोडे सविस्तर लिहिते. सेफ्टी शूज आयएसओ 20345 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे किंवा आपल्या आयएस 15298 भाग 2 या भारतीय मानकाप्रमाणे असतील तर बोटांवरील टोपी 200 ज्यूलचा आघात आणि 15 किलोन्यूटनचा दाब सहन करण्याच्या कसोटीतून गेलेली असते. ही टोपी स्टीलची असो वा कंपोझिट, कसोटी तीच असते. माझ्या जोडीत कंपोझिट टोपी आहे. एस3 ही खूण असेल तर तळव्यात खिळा घुसू न देणारा थर असतो आणि वरचे चामडे पाणी लवकर आत येऊ देत नाही. डेकवर गंजलेल्या तारांचे तुकडे पडलेले असतात, त्यामुळे एस3 पेक्षा कमी दर्जाचे शूज जहाजासाठी घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय शूजवर उत्पादनाचे वर्ष आणि महिना किंवा तिमाही छापलेली असते. ती अवश्य पाहावी, आणि त्याचे कारण मला याच सफरीत दिसले.

दुसऱ्या महिन्यात आमच्या एका एबीला, म्हणजे अनुभवी खलाशाला, स्टोअरमधून नवी कोरी जोडी मिळाली. खोका सीलबंद होता, चामड्यावर एक ओरखडा नव्हता. दुसऱ्या दिवशी होल्ड धुताना त्याच्या उजव्या बुटाच्या सोलला आडवी चीर गेली आणि संध्याकाळपर्यंत टाचेचा भाग शिळ्या भाकरीसारखा तुकड्या-तुकड्यांनी गळून पडला. मी ते तुकडे हातात घेतले तेव्हा बोटांनी दाबताच त्यांचा भुगा होत होता. हे पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकच्या सोलचे मोठे दुखणे आहे. हवेतील ओलाव्याशी हळूहळू प्रक्रिया होऊन त्यातील बंध तुटत जातात, आणि शूज न वापरता खोक्यात पडून राहिले तरी ही झीज चालूच राहते. जहाजाच्या स्टोअरमधील दमट उष्णतेत तर ती अधिकच वाढते. आमच्या रत्नागिरीच्या बोसननी, म्हणजे डेकवरील खलाशांच्या प्रमुखांनी, त्यानंतर स्टोअरमधील प्रत्येक जोडीचा सोल अंगठ्याने दाबून आणि वाकवून पाहिला आणि चार जोड्या बाजूला काढल्या. “मॅडम, नवीन म्हणून दिलेला बूटच माणसाला पाडायचा,” असे ते म्हणाले, आणि ते अक्षरशः खरे होते.

माझ्या जोडीत मधला थर पॉलियुरेथेनचा आणि जमिनीला लागणारा थर नायट्राइल रबराचा आहे. आमची सफर अमिरातीतील रस अल खैमाच्या मीना सक्र बंदरातील चुनखडीपासून सुरू झाली, मग इंडोनेशियाचा कोळसा आणि शेवटी कॅनडातील व्हँकुव्हरचे धान्य, त्यामुळे सोलची परीक्षा सगळ्या प्रकारांनी झाली. आखाती उन्हात दुपारी हॅच कव्हरवर, म्हणजे होल्डच्या झाकणावर, उभे राहिल्यावर तळव्याला चटका बसला नाही. हॅच कव्हरच्या जॅकखाली हायड्रॉलिक तेल झिरपलेले असते, तिथे पकड चांगली राहिली. ओल्या, नुकत्याच रंगवलेल्या गुळगुळीत डेकवर मात्र पकड मध्यम होती, आणि जहाजाला बंदरात वाट दाखवणाऱ्या पायलटला घ्यायला पहाटे पावसात शिडीपाशी उभी राहिले असता दोनदा पाय सरकला. तेव्हापासून रंगात वाळू मिसळलेल्या पट्ट्यावरच मी उभी राहू लागले. आणि कॅनोलाच्या दाण्यांवर कोणतेही शूज टिकत नाहीत. ते दाणे मोहरीसारखे बारीक आणि गोल असतात. लोडिंगच्या वेळी डेकवर सांडले की पाय जणू छऱ्यांवर पडतो. तिथे उपाय झाडूचाच आहे.

व्हँकुव्हरला जानेवारीत थंड पाऊस होता. स्टीलच्या टोपीतून बोटांपर्यंत गारठा पोहोचतो, हा आधीच्या जहाजावरचा अनुभव. कंपोझिट टोपीत तो त्रास जाणवण्याइतका कमी झाला. मात्र चामड्याने चार-पाच तासांनंतर पाणी आत घेतले. एस3 म्हणजे पाणी रोखणारे असले तरी ते रबरी गमबूट नव्हेत, हे लक्षात ठेवूनच होल्ड धुण्यासाठी मी गमबूट वापरले.

सर्वांत मोठा फरक शिडीवर पडला. होल्ड तपासण्यासाठी उतरताना, धान्य भरण्याआधी प्रत्येक कोपऱ्यात टॉर्च मारत फिरताना आणि पुन्हा वर येताना पावलाचा मधला भाग गजावर नेमका कुठे आहे, हे मला प्रत्येक पायरीला कळत होते. गुडघ्यावर बसून हॅचच्या ड्रेनची तपासणी करताना मोठ्या बुटात टोपीची मागची कडा बोटांच्या वरच्या भागात रुतायची; मापाच्या बुटात पाऊल वाकते तिथेच बूटही वाकतो, त्यामुळे ते दुखणे गेले. थंड पाण्यात शरीराची ऊब राखणारा इमर्शन सूट घालण्याच्या ड्रिलमध्येही याचा उपयोग झाला. सूट कोणाच्याही मदतीशिवाय 2 मिनिटांच्या आत घालता आला पाहिजे, असा नियम आहे. लहान बूट असल्याने पाय सूटमध्ये अडकला नाही, आणि बुटांवर प्लॅस्टिकची पिशवी चढवली की तो आणखी सहज सरकतो. सूट मात्र माझ्यापेक्षा बराच मोठा होता आणि पायांत हवा राहत होती. थर्ड ऑफिसर म्हणून जीवरक्षक साधनांची जबाबदारी माझ्याकडेच असते, तेव्हा मी लहान मापाच्या सूटची मागणी नोंदवली.

याच ओघात लाइफ जॅकेटबद्दल सांगते. जीवरक्षक साधनांच्या आंतरराष्ट्रीय संहितेत 43 किलो आणि 155 सेंटीमीटरपासून पुढे प्रौढांचे माप धरले जाते. माझे वजन 51 किलो आहे, पण उंची 153 सेंटीमीटर. अशा अंगलटीच्या प्रत्येकीने जॅकेट बांधून, हात वर करून, दुसऱ्या कोणाला तरी खांद्यांपाशी ते वर ओढायला सांगावे. ते हनुवटीच्या वर सरकले तर पट्टे आणखी आवळावेत किंवा दुसरे जॅकेट मागावे.

बॉयलर सूटची, म्हणजे कामाच्या अंगभर पोशाखाची, कथा निराळी आहे. स्टोअरमधील सूटच्या बाह्या मला मनगटाच्या पुढे चार बोटे यायच्या आणि त्या दुमडून ठेवल्या तर दोर ओढणाऱ्या फिरत्या विंचजवळ त्या घड्याच अडकण्याची भीती. सिडकोतील आमच्या शिंपीकाकांकडून मी दोन सूट बेतून घेतले. कापड शंभर टक्के सुती असल्याने शिलाईही सुती दोऱ्याने करायला सांगितली आणि परावर्तक पट्ट्यांना हात लावू दिला नाही. पण ज्यांच्या जहाजावर आग-प्रतिरोधक सूट दिले जातात त्यांनी ते साध्या शिंप्याकडे देऊ नयेत, कारण पॉलिस्टरच्या दोऱ्याची शिलाई उष्णतेत वितळते. आणखी एक गोष्ट बायकांना सांगावीच लागेल: एकसंध बॉयलर सूटमध्ये शौचालयात जाण्यासाठी खांद्यापासून सगळे उतरवावे लागते, आणि या कटकटीमुळे अनेक मुली वॉचवर, म्हणजे ड्यूटीवर, पाणीच कमी पितात. आखाती उन्हात हे घातक आहे. शर्ट आणि पँट असा दोन भागांचा सूट मागावा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. हातमोजे सात नंबरचे त्याच दुकानात मिळाले. लाइफबोटीच्या हूकना आणि तारांना ग्रीस लावताना बोटांची टोके रिकामी लोंबत नसली की पिन हातातून सुटत नाही.

आता शूजमधील दोष. नाडीची धातूची छिद्रे तिसऱ्या महिन्यातच गंजू लागली आणि त्या गंजाने नाडी कापली गेली. मी दोन नाड्या बरोबर नेल्या होत्या म्हणून भागले. आतला तळवा दोन महिन्यांत चपटा झाला. कोळशाच्या फेरीनंतर उजव्या बुटाच्या वाकण्याच्या जागी चामड्याला बारीक भेगा पडल्या. यात माझीही चूक आहे: घाईत मी ते एकदा इंजिन केसिंगच्या गरम भिंतीला टेकवून वाळवले होते. शूज गोड्या पाण्याने धुऊन, आत कागद कोंबून, सावलीत वाळवावेत. थेट उष्णतेने चामडे कडक होते आणि सोलचा चिकटाही सुटतो.

खर्चाबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. ही साधने देणे जहाजमालकाचे काम आहे. सागरी कामगार करार 2006, जो 2013 पासून लागू आहे आणि भारताने 2015 मध्ये मान्य केला, त्यात 2022 मध्ये झालेल्या दुरुस्त्या 23 डिसेंबर 2024 पासून अमलात आल्या आहेत. त्यांत वैयक्तिक संरक्षक साधने योग्य मापाची असली पाहिजेत असे म्हटले आहे. म्हणून साइन ऑन करण्याच्या महिनाभर आधी मी जहाजावर माणसे नेमणाऱ्या मॅनिंग ऑफिसला ईमेलने बूट, हातमोजे, सूट आणि उंचीवर काम करताना बांधायच्या हार्नेसची मापे लिहून पाठवली होती आणि त्या ईमेलची प्रत जहाजावर सोबत ठेवली होती. हार्नेस मापाचा मिळाला. शूज मात्र शेवटपर्यंत आले नाहीत. स्वतःचे शूज घेऊन जाणे ही माझी सोय होती. तो नियम होऊ नये, म्हणून प्रत्येक मासिक सेफ्टी मीटिंगमध्ये मी ती मागणी इतिवृत्तात नोंदवून घेतली, आणि शेवटच्या मीटिंगमध्ये चीफ ऑफिसरांनी ती आपल्या सहीने कार्यालयाला पाठवली.

सध्या ही जोडी आमच्या गच्चीवर सावलीत ठेवली आहे. सोलची नक्षी टाचेच्या बाहेरच्या बाजूला जवळजवळ निम्मी झिजली आहे, भेगा वाढलेल्या नाहीत, टोपी शाबूत आहे. पुढच्या कॉन्ट्रॅक्टसाठी मी ती नेणार नाही, कारण झिजलेल्या नक्षीवर शिडी चढायची नाही हे मी ठरवले आहे. त्याच काकांकडे त्याच मॉडेलच्या दोन जोड्या सांगून ठेवल्या आहेत: एक माझ्यासाठी चार नंबरची आणि दुसरी निफाडच्या एका मुलीसाठी पाच नंबरची. ती पहिल्यांदाच कॅडेट म्हणून निघाली आहे. तिला मी संध्याकाळी, दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजा घालून माप द्यायला सांगितले आहे.