चेहऱ्याचे दार आणि बाजूचे दार : डिजी यात्रा सेवेचे परीक्षण

डिजी यात्रा ही विमानतळावर चेहरा दाखवून आत जाण्याची सेवा देशांतर्गत विमानप्रवासात वेळ वाचवते, पुण्यासारख्या गर्दीच्या विमानतळावर तर तो फरक चांगलाच जाणवतो, आणि निव्वळ सोयीच्या निकषावर तिला चांगले गुण द्यायला माझी हरकत नाही. परंतु या सेवेच्या मुळाशी चेहरा ओळखणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, आणि तिच्याबद्दल सध्या दोन टोकांची मते ऐकू येतात. यंत्राला ना कुणाशी वैर ना कुणाचा लोभ, वापरणारा कसा वापरतो त्यावर सारे अवलंबून, असे एक मत. ही पाळतीची सुरुवात आहे, तिच्यापासून चार हात दूर राहावे, असे दुसरे. सेवा वापरल्यावर आणि तिचे धोरण व तिच्यावरचे आक्षेप वाचल्यावर मला असे वाटू लागले की दोन्ही पक्ष यंत्राकडेच पाहत राहतात आणि यंत्राशेजारच्या दाराकडे पाहायचे विसरतात. यंत्राने ‘ओळखत नाही’ असे सांगितले तर माणसाला दुसरीकडून आत जाता येते का, आणि त्या चुकीची किंमत कोण मोजतो, हे पाहिल्याशिवाय या सेवेचे परीक्षण पुरे होत नाही.

आधी सेवेविषयी. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने २०१८ मध्ये डिजी यात्रेचे धोरण जाहीर केले आणि १ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली, बंगळुरू व वाराणसी या तीन विमानतळांवर ती प्रत्यक्ष सुरू झाली. २०२३ मध्ये पुणे आणि मुंबई येथे आणि नंतर गोव्यातही ती आली. नोंदणीसाठी ॲप घ्यावे लागते, आधारची पडताळणी करावी लागते आणि सेल्फी काढून द्यावी लागते. प्रवासाच्या आधी बोर्डिंग पास त्यात जोडून तो संबंधित विमानतळाकडे पाठवला की तयारी झाली. प्रवेशद्वारावर पासचा बारकोड दाखवायचा, कॅमेऱ्याकडे पाहायचे आणि फाटक उघडले की आत जायचे. तिकिटावरचे नाव आधारवरच्या नावाशी जुळावे लागते. आपल्याकडे मधे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव घालण्याची रीत असल्यामुळे तिकीट काढतानाच ही काळजी घेतलेली बरी. सामान द्यायचे असेल तर त्या रांगेतून सुटका नाही आणि सुरक्षा तपासणीही नेहमीसारखीच होते, त्यामुळे हातातली एकच बॅग घेऊन निघालेल्या प्रवाशाला या सेवेचा खरा लाभ होतो.

पुणे विमानतळावर मला ती सुरळीत वाटली. पहाटेच्या विमानांच्या वेळी ओळखपत्र आणि तिकीट दाखवण्याची रांग बाहेर रस्त्यापर्यंत येते, त्या मानाने इकडे थांबावे लागत नाही. फाटकाशेजारी मदतीला माणूस असतो आणि त्याच्या पलीकडे जुनी पद्धत चालू असते. ही जुनी पद्धत चालू असणे, म्हणजे ओळखपत्र पाहून आत सोडणारा जवान तिथे उभा असणे, हाच मला या सेवेचा सर्वांत मोठा गुण वाटतो, जरी तिच्या जाहिरातीत त्याचा उल्लेख नसला तरी.

असे का वाटते हे समजण्यासाठी आत काय चालते ते थोडे पाहावे लागेल. संगणक चेहरा आपल्यासारखा पाहत नाही. तो छायाचित्राचे आकड्यांच्या एका मालिकेत रूपांतर करतो आणि दोन मालिकांमध्ये किती साम्य आहे त्याचा एक गुणांक काढतो. हा गुणांक कधीच शंभर टक्के खात्रीचा नसतो, म्हणून कुठे तरी एक उंबरठा ठरवावा लागतो. साम्य त्याच्या वर गेले तर माणूस तोच, खाली राहिले तर वेगळा. उंबरठा उंच ठेवला तर खरा माणूस नाकारला जाण्याची शक्यता वाढते, खाली आणला तर दुसराच माणूस ‘तोच’ ठरण्याची. दोन्ही चुका एकाच वेळी नाहीशा करणारे यंत्र अद्याप बनलेले नाही. तेव्हा उंबरठा कुठे ठेवायचा हा निर्णय कुणी तरी खोलीत बसून घेतलेला असतो, आणि दोन चुकांपैकी कोणती चूक आपल्याला परवडते याचे उत्तर त्या निर्णयात आधीच दडलेले असते. यंत्र तटस्थ आहे असे म्हणणाऱ्यांनी या निर्णयाचे काय करायचे ते सांगावे.

शिवाय यंत्र शिकते ते त्याला दाखवलेल्या चेहऱ्यांवरून. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०१९ मध्ये ९९ निर्मात्यांच्या १८९ प्रणाली सुमारे ८५ लाख माणसांच्या छायाचित्रांवर तपासल्या, तेव्हा अनेक प्रणालींमध्ये आशियाई व कृष्णवर्णीय चेहऱ्यांच्या बाबतीत दुसऱ्यालाच ‘तोच’ ठरवण्याची चूक गोऱ्या चेहऱ्यांच्या तुलनेत दहापट ते शंभरपट आढळली. त्याच अहवालातली दुसरी गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही : आशियाई देशांत तयार झालेल्या काही प्रणालींमध्ये आशियाई आणि गोऱ्या चेहऱ्यांमधला हा मोठा फरक दिसला नाही, आणि सर्वांत अचूक प्रणालींमध्ये तो फारच थोडा होता. म्हणजे दोष यंत्राच्या जातीत नाही, ते कुणाच्या चेहऱ्यांवर घडवले यात आहे, आणि तो कमी करता येतो. हे धोका-पक्षाच्या लोकांनीही मान्य करायला हवे. यावरून भारतीय प्रवाशाने विचारायचा प्रश्न सरळ निघतो : डिजी यात्रेची प्रणाली वेगवेगळ्या वयाच्या, वर्णाच्या, कुंकू-पदर-पगडी-दाढी असलेल्या भारतीय चेहऱ्यांवर किती चुकते, याची स्वतंत्र तपासणी होऊन ती सर्वांसमोर मांडली जाते का? नीती आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये चेहरा ओळखण्याच्या तंत्रावर जबाबदार वापराचा जो मसुदा काढला, त्यात उदाहरण म्हणून डिजी यात्राच घेतली होती आणि उत्तरदायित्व व पारदर्शकता यांवर भर दिला होता. सेवा ज्या वेगाने देशभर पसरली, त्या वेगाने हा भाग प्रवाशापर्यंत पोहोचलेला नाही.

विमानतळावर यंत्र चुकले तर काय होते? प्रवासी बाजूच्या रांगेत जातो, खिशातले ओळखपत्र दाखवतो आणि पाच-दहा मिनिटे उशिरा आत शिरतो. हेच तंत्र पोलिसांच्या हाती गेले की चुकीचा भाव बदलतो. अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये घड्याळचोरीच्या तपासात संगणकाने जुळवलेल्या चेहऱ्यावरून जानेवारी २०२० मध्ये एका निरपराध कृष्णवर्णीय गृहस्थाला त्याच्या बायको-मुलींच्या देखत अटक झाली आणि सुमारे तीस तास कोठडीत काढावे लागले. २०२४ मध्ये झालेल्या तडजोडीत केवळ अशा जुळणीवरून अटक न करण्याचे बंधन तिथल्या पोलिसांवर आले. आपल्याकडे दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकाराखाली दिलेल्या उत्तरात, ८० टक्क्यांहून अधिक साम्य असेल तर जुळणी सकारात्मक धरतो, असे सांगितले होते. हा ८० चा आकडा कशाच्या आधारावर आला, हे त्यावरून कळत नाही. आधी सांगितलेला उंबरठा तो हाच.

परंतु विमानतळाशी तुलना करायला मला पोलीस ठाण्यापेक्षा अंगणवाडी अधिक योग्य वाटते, कारण तिथे गुन्हेगार शोधायचा नसतो. विमानतळाप्रमाणेच ‘ही व्यक्ती तीच आहे ना’ एवढेच पाहायचे असते. केंद्र सरकारच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये घरी न्यायच्या आहारासाठी, म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला ‘टीएचआर’ म्हणतात त्यासाठी, १ जुलै २०२५ पासून लाभार्थीचा चेहरा जुळवणे सक्तीचे झाले. गरोदर बाई, स्तनदा माता, किंवा लहान मुलाचे पालक यांनी सेविकेच्या मोबाईलसमोर उभे राहायचे आणि चेहरा जुळला की पाकिटे घ्यायची. आधारला जोडलेला, म्हणजे ओटीपी येणारा, क्रमांक नवऱ्याच्या फोनचा आहे आणि तो कामावर गेला आहे, बाई बाळंतपणाला माहेरी गेली आहे, पाड्यावर रेंज नाही, या त्या गावांतल्या नेहमीच्या गोष्टी, आणि त्यांपैकी प्रत्येक गोष्ट या व्यवस्थेत अडथळा होऊन बसते. महाराष्ट्रातल्या सेविकांनी ऑगस्ट २०२१ मध्ये, या साधनांवर काम होत नाही म्हणून, सरकारने दिलेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले होते. चेहरा जुळवण्याचे काम त्याच हातांवर आले आहे. गळती थांबवणे आणि पाकिटे खऱ्या बाईपर्यंत पोहोचवणे हा उद्देश चुकीचा म्हणता येणार नाही. पण विमानतळावरच्या नोकरदार माणसाला ओळखपत्राचे दुसरे दार ठेवायचे आणि सात महिन्यांच्या पोटुशीला ते ठेवायचे नाही, हा निर्णय कोणत्याही संगणकाने घेतलेला नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही आहे आणि ते न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी बँकेत येणाऱ्या निवृत्तिवेतनधारकांच्या बोटांचे ठसे वयामुळे झिजलेले असतात, ते यंत्रावर उमटत नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहऱ्यावरून हा दाखला देण्याची सोय झाली आणि अनेक वृद्धांची खेप वाचली. तिथेही बँकेत जाऊन कागदावर सही करून दाखला देण्याची जुनी वाट बंद केलेली नाही, म्हणूनच ती सोय सोय म्हणून टिकली.

आता डिजी यात्रेच्या कमकुवत बाजूंकडे. ही सेवा चालवणारी डिजी यात्रा फाउंडेशन ही २०१९ मध्ये स्थापन झालेली ना-नफा कंपनी आहे. तिच्यात भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा हिस्सा २६ टक्के असून उरलेला दिल्ली, मुंबई, बंगळुरू, हैदराबाद आणि कोची या विमानतळांच्या कंपन्यांकडे आहे. परिणामी, सरकारी वाटणाऱ्या या सेवेला माहिती अधिकाराखाली प्रश्न विचारू गेल्यास ती त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही अशी भूमिका घेतली जाते. प्रवाशाची माहिती त्याच्याच फोनमध्ये राहते आणि विमानतळाकडे पाठवलेली प्रत उड्डाणानंतर २४ तासांत पुसली जाते, असे सांगितले जाते. ही रचना तत्त्वतः चांगली आहे. युरोपातल्या माहिती संरक्षण मंडळाने मे २०२४ मध्ये विमानतळांवरच्या चेहरा-ओळखीबद्दल जे मत दिले, त्यात चेहऱ्याचा साचा, म्हणजे वर सांगितलेली आकड्यांची मालिका, प्रवाशाच्या हाती, किंवा निदान ती उघडणारी किल्ली केवळ प्रवाशाच्या हाती असावी, असेच म्हटले आहे. मात्र आपल्या धोरणात एक वाक्य असे आहे की सुरक्षेच्या गरजेनुसार माहिती पुसण्याची मुदत बदलता येईल आणि सुरक्षा यंत्रणांना प्रचलित पद्धतीनुसार ती माहिती देता येईल. २४ तासांचे वचन या वाक्यापाशी येऊन सैल होते. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही सरकारी यंत्रणांना सूट देण्याची मुभा ठेवतो, तेव्हा कायद्याच्या आधारावर फार निर्धास्त राहता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ही माहिती आयकर खाते वापरणार अशा बातम्या आल्या आणि संबंधितांनी त्या फेटाळल्या. माझा त्या खुलाशावर अविश्वास नाही. पण खुलासा करण्याची वेळ येते ती नियम पुरेसे पक्के नसतात तेव्हा.

याहून गंभीर आक्षेप संमतीचा. प्रवेशद्वारावरचे कर्मचारी प्रवाशाला नीट न विचारताच छायाचित्र घेऊन नोंदणी करतात, अशा तक्रारी काही विमानतळांवरून आल्या होत्या आणि नोंदणी पूर्णपणे ऐच्छिक असल्याचे मंत्रालयाला पुन्हा सांगावे लागले होते. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या वयस्क माणसाला गणवेशातल्या कुणी ‘इकडे बघा’ म्हटले की तो बघणारच. जिथे नकार देता येतो हेच माहीत नसते, तिथे बाजूचे दार उघडे असून नसल्यासारखे होते.

तेव्हा शिफारस अशी. कामानिमित्त वारंवार उडणाऱ्या, हातात एकच बॅग असलेल्या आणि वरच्या अटी वाचून त्या मान्य करणाऱ्या प्रवाशाने ही सेवा जरूर वापरावी. मीही वापरत राहणार आहे. ओळखपत्र मात्र जवळ ठेवावे. आईवडिलांना किंवा सासूसासऱ्यांना विमानतळावर सोडायला जाणाऱ्यांनी त्यांना आधीच सांगून ठेवावे की कॅमेऱ्याकडे पाहणे बंधनकारक नाही आणि ‘मला ओळखपत्रावर जायचे आहे’ एवढे म्हणणे पुरेसे आहे. सोयीसाठी मी या सेवेला पाचपैकी चार गुण देईन आणि विश्वासार्हतेसाठी अडीच. हे अडीच वाढायचे असतील तर प्रणाली भारतीय चेहऱ्यांवर किती चुकते याचा स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध व्हावा, माहिती पुसण्याच्या मुदतीतली ती पळवाट धोरणातून जावी, आणि गर्दीच्या वेळी ओळखपत्राच्या रांगेवरची माणसे कमी करून लोकांना आपोआप कॅमेऱ्याकडे ढकलले जात नाही ना, यावर लक्ष ठेवले जावे. यातली शेवटची गोष्ट पाहायला तज्ज्ञ लागत नाही. पुढच्या वेळी विमानतळावर गेलात की दोन्हीकडच्या खिडक्या मोजून पाहा आणि जुन्या रांगेची एखादी खिडकी बंद दिसली तर तिथल्या व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार द्या.