दुकानाची पाटी: रॉकवेल, क्लॅरेंडन की आल्फा स्लॅब?

बेळगावच्या खडेबाजारात नाहीतर शहापुरात नवं दुकान काढणारा पाटीवाल्याला पहिल्यांदा सांगतो काय, तर "अक्षर दणकट पाहिजे बघा." इंग्रजी ओळीत असं दणकट अक्षर हवं असेल तर स्लॅब सेरिफ जातीचा फॉन्ट घ्यावा. त्यात अक्षराच्या टोकांना उभ्या दांड्याइतकेच जाड, चौकोनी पाय असतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये हे वळण जाहिरातींसाठी निघालं. म्हणूनच ते मोठ्या आकारात शोभतं आणि बारीक मजकुरात गुदमरतं.

रॉकवेल हा फॉन्ट मोनोटाइप कंपनीचा, १९३४चा. 'ओ' जवळजवळ गोल, रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची, पाय थेट काटकोनात. ॲक्रिलिकची उठावदार अक्षरं कापायला सोपा. हार्डवेअर, गॅरेज, जिम अशा दुकानांना शोभतो. मिठाईच्या दुकानावर मात्र मला तो रुक्ष वाटतो.

क्लॅरेंडन त्याहून जुना, १८४५चा, लंडनमध्ये घडलेला. यात पाय दांड्याला हलक्या वळणाने मिळतात आणि जाड-बारीक रेघांत थोडा फरक असतो. त्या वळणामुळे अक्षर जुन्या पेढीसारखं, विश्वासाचं दिसतं. कुंद्याचा खोका किंवा साडीची पिशवी छापायची असेल तर मी डोळे झाकून हाच घेईन.

आल्फा स्लॅब वन फुकट मिळतो, पण एकाच, अतिजाड रूपात. अक्षरांच्या पोटातली पोकळी इतकी चिंचोळी की कापडी पिशवीवर स्क्रीन प्रिंटिंग करताना शाई भरून 'e' आणि 'a' बुजतात. चार-पाच अक्षरांचं नाव मोठं लिहायला झकास. फोन नंबर त्यात टाकू नका.

आता आपल्याकडची खरी अडचण. २०२४च्या कायदा-दुरुस्तीनंतर कर्नाटकात फलकावर ६० टक्के कन्नड, तेही वरच्या भागात, बंधनकारक आहे. चार फूट उंच पाटीवर वरचे सुमारे अडीच फूट कन्नडला गेले की उरलेल्या दीड फुटात मराठी आणि इंग्रजी बसवायची. स्लॅबची अक्षरं रुंद असतात. लांबलचक इंग्रजी नाव रुंदीत मावेना की लोक अक्षरं दाबून बसवतात, मग शेजारशेजारचे पाय एकमेकांत अडकतात आणि वाचणारा वैतागतो. नाव लांब असेल तर इंग्रजीत स्लॅबचा हट्ट सोडा.

काही जण मराठी अक्षरांच्या कान्यालाही खाली चौकोनी पाय जोडतात. देवनागरी अक्षर शिरोरेघेला लटकतं, त्याला खडावा घालून काय उपयोग? जाड शिरोरेघेतच तो दणकटपणा आलेला असतो. कन्नडचा गोलवा तर सगळ्यात वेगळा. तीन लिप्या एकाच घरच्या दिसाव्यात असं वाटत असेल तर मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा बालू बघा. तोही फुकट आहे, देवनागरी आणि कन्नड दोन्हींत आहे, आणि जाडी जुळवून घ्यावी लागत नाही. स्लॅब नाही, गुबगुबीत आहे, पण पाटीवर मी तोच लावीन आणि क्लॅरेंडन खोक्यासाठी राखून ठेवीन.

फ्लेक्सची ऑर्डर देण्याआधी इंग्रजी ओळ खऱ्या मापात कागदावर छापून शटरवर चिकटवा आणि समोरच्या फुटपाथवरून, शक्यतो संध्याकाळी, वाचून बघा.